नंबरापुढचं टिंब

वर्षा-दोन वर्षांतून एखादी ईमेल येतेच. लिहिणारा कुठल्या तरी लांबच्या देशातला, माझ्याहून वयानं लहान आणि फार सभ्य असतो. म्हणतो, तुमची लायब्ररी वापरतो, आभारी आहे. तिच्यात रांगेतल्या प्रत्येक वस्तूला 'टिंब' नावाचा एक रकाना आहे. तो भरता येतो, पण पुढे प्रोग्रॅम तो कुठेच वाचत नाही. चुकून राहिला असेल तर काढून टाकू का?

मी 'नको' एवढंच कळवतो. खरं कारण लिहायला बसलो की ते इंग्रजीत मावत नाही. आज मराठीत लिहून बघतो.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एकानं लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, जो दुसऱ्यानं आपल्या प्रोग्रॅमला आयता जोडून घ्यायचा, त्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. माझी लायब्ररी रांगांची आहे. बँकेतली, दवाखान्यातली, कुठलीही रांग तिच्या मदतीनं ब्राउझरच्या पानावर खोटीखोटी चालवून बघता येते. एक खिडकी वाढवली तर काय होईल, एक माणूस कमी केला तर काय होईल, ते खऱ्या माणसांना उभं न करता कळतं. कोड सगळ्यांना उघडा आहे, ज्याला हवा त्यानं न्यावा. लोकांना ही माझी उदारता वाटते. खरं म्हणजे ती मी एका साखर कारखान्याच्या गाडीतळासाठी लिहिली, बापाची अब्रू वाचवायला. कारखान्याचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या कारखान्यात नंबर टेकर होते. पदाचंच नाव तसं. हंगामात उसानं भरलेल्या बैलगाड्या तळावर येत. आबांनी त्यांना आलेल्या क्रमानं नंबर द्यायचा, वहीत लिहायचा, आणि काटा मोकळा झाला की पुढचा नंबर पुकारायचा. काट्यावर वजन झालं की गाडी गव्हाणीकडे जायची आणि ऊस टाकून रिकामी व्हायची. कारखान्यात काही बिघडलं की गाड्या तळावर दिवस दिवस उभ्या राहत. गाडीवाले पाथर्डी-शेवगावकडून, त्याहून पलीकडून तोडीला आलेली नवरा-बायकोची जोडपी. बैल सोडून बांधायचे आणि गाडीच्या सावलीत बसून राहायचं.

"टेकर, हितला नंबर लागायच्या आदी वरचा लागंल की वो," असं कोणीतरी रोज म्हणायचं.

"वरच्या वहीवर माजी सही लागती," आबा म्हणायचे. "मी न्हाई करीत."

माझ्या आजोबांनी गावकीची कामं टाकली आणि धम्म घेतला. त्याआधी आमच्या घरात दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यायची रीत होती. आबा सातवी शिकले, आणि आमच्या घरातला ज्याच्या हाकेची लोक वाट बघतात असा पहिला माणूस ते झाले. कानाला पेन्सिल अडकवून ते तळावर फिरायचे तेव्हा त्यांची चालच वेगळी असायची. घरी पेन्सिलीला कोणी हात लावला तर खपत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका हंगामात कोणीतरी अर्ज केला. नंबर टेकर नंबर डावलतो आणि आपल्या माणसांना पुढे घालतो. 'आपली माणसं' म्हणजे कोण हे अर्जात लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. आडनाव वाचून कळणाऱ्यातलंच ते होतं.

मी तेव्हा नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो आणि केडगावात खोली करून राहायचो. रविवारी घरी गेलो तर आबा ओट्यावर बसलेले. पेन्सिल कानाला नव्हती.

"चौकशी लावली," ते म्हणाले. "तीस वरसं नंबर दिलं. आता म्हन्त्यात जात बगून दिलं."

"पण तुम्ही गाड्या पुढं घालता का?"

"घालतो की. रोज दोन-चार."

"का?"

"घालाया लागत्यात," ते म्हणाले आणि आत गेले. आबांचं बोलणं एवढंच असायचं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, पण मला राग आला होता आणि रागाच्या भरात एक कल्पना सुचली होती.

कॉलेजात मी पोरांना एक विषय शिकवायचो. रांग कागदावर मांडायची तर घड्याळ सेकंदा-सेकंदानं चालवायचं नाही, ते घटनेवरून घटनेवर उडी मारतं. गाडी आली, ही एक घटना. गाडी काट्यावर चढली, दुसरी. रिकामी झाली, तिसरी. मधला वेळ गाळायचा. मी फळ्यावर दोन फुल्या काढून त्यांच्या मधली रेघ पुसायचो आणि सांगायचो, "दोन घटनांच्या मध्ये काहीच घडत नाही असं समजा." पोरं ते लिहून घ्यायची. त्यामुळेच तर सबंध हंगाम चहा पिऊन होईपर्यंत चालवून बघता येतो.

मी ठरवलं, आबांच्या वह्या घ्यायच्या, तळ जसाच्या तसा कॉम्प्युटरवर चालवायचा आणि दाखवून द्यायचं की पुढे घातलेल्या गाड्यांत जातपात नाही. कारखान्याच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर नवं काही बसवायला परवानगी नव्हती. पण त्याच्यात ब्राउझर आयता होता. म्हणून मी सगळं ब्राउझरच्या पानातच लिहिलं. फ्लॉपी घालायची, पान उघडायचं, बस्स. अशी कामं तेव्हा कोणी ब्राउझरात करत नव्हतं. त्याचाही मला गर्व होताच.

आबांनी तीन हंगामांच्या वह्या पिशवीत घालून दिल्या. नंबर, टोळीचं गाव, आल्याची वेळ, काट्यावरची वेळ. अक्षर टपोरं, एक खाडाखोड नाही. फक्त काही नंबरांपुढे पेन्सिलीचं एक टिंब होतं. १४४ आणि पुढे टिंब. मला वाटलं, लिहून झाल्यावर पेन्सिल टेकवायची सवय असेल. आमचे एक मास्तर फळ्यावर तसंच करायचे.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर बसून शेवटच्या वहीतले आकडे उतरवत होतो. आबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"टिंबं घेतली न्हाईस?"

"टिंबाला किंमत नसते, आबा," मी म्हणालो. "आकड्यानंतर टिंब आणि पुढं काहीच नाही, तर मशीन ते सोडून देतं. १४४ काय आणि १४४ टिंब काय, त्याला एकच."

"असं हाय व्हय," ते म्हणाले.

एवढंच. मान हलवली आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. मी इंजिनीअर होतो, त्यांनी मला इंजिनीअर केलं होतं. आपल्या शिकलेल्या पोराला टिंबाची किंमत कळत नसेल हे त्यांच्या मनातच आलं नसेल. किंवा आलं असेल आणि गिळलं असेल. हे आज मला जास्त छळतं.

आता मॉडेलात प्रश्न आला, आबा कुठल्या गाड्या पुढे घालतात? वहीतल्या वेळा बघून पुढे गेलेल्या गाड्या मी काढल्या. त्या सगळ्या टोळ्यांतल्या होत्या, सगळ्या गावांतल्या, टोळ्यांवरून धरलं तर सगळ्या जातींच्या. कुठलाही नियम सापडेना. नियम सापडला नाही की आमच्यात फासा टाकतात. मी प्रोग्रॅमला सांगितलं, अधूनमधून फासा टाक आणि येईल ती गाडी पुढे घाल. चालवून बघितलं तर प्रोग्रॅमचा तळ आबांच्या तळासारखाच चालला. आनंदानं मी खोलीत एकटाच हसलो. बापाची तीस वर्षांची नजर मी फाशात बसवली होती.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची माझी जुनी खोड. पानावर मी आणखी एक बटण ठेवलं. त्यावर लिहिलं 'सरळ रांग'. कोणालाही पुढे न घालता, आला तसा गेला, असं केलं तर काय होईल ते त्यात दिसायचं. कोणी मागितलं नव्हतं. पान भारदस्त दिसावं म्हणून ठेवलं.

चौकशी करणाऱ्या शेतकी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये मी फ्लॉपी घातली तेव्हा आबा दाराशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पडद्यावर डावीकडून पिवळे चौकोन येऊ लागले, काट्यापाशी निळे होऊ लागले, रिकामे झाले की नाहीसे. साहेब खुर्ची ओढून बघू लागले. माणूस वाईट नव्हता. दोन मिनिटं बघून म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, पुढं घातलेल्या गाड्यांत आपला-परका काही नाही."

"काही नाही साहेब. फासा टाकल्यासारखं आहे. काहीच नियम नाही."

"काहीच कारण नाही?"

"आकड्यांत तरी नाही."

ते आबांकडे बघून हसले. "टेकर, सुटलात की. पोरगं हुशार आहे." मग त्यांचं बोट पडद्यावर गेलं. "आणि हे सरळ रांग काय आहे?"

मी दाबून दाखवलं. सरासरी वाट तेवढीच राहिली, पण सगळ्यांत जास्त थांबलेल्या गाडीची वाट कमी झाली. ते असं होतंच, गणितच तसं आहे. मी ते गणितही समजावून सांगितलं, फळ्यासमोर उभा असल्यासारखं.

"मग कारण नसताना पुढं घालायच्या कशाला?" साहेब म्हणाले. कारण नाही हे मीच सिद्ध केलं होतं. दाराशी बघितलं. आबा पडद्याकडे बघत होते.

चौकशी बंद झाली. पंधरा दिवसांत छापील नंबरांच्या चिठ्ठ्या आल्या. तळावर फिरायचं कारण उरलं नाही म्हणून आबांना फाटकाच्या खिडकीत बसवलं. गाडी आली की चिठ्ठी फाडून द्यायची. नंबर काट्यावरून भोंग्यावर पुकारले जाऊ लागले, एकामागून एक, सरळ. पुकारला तेव्हा गाडीपाशी माणूस नसेल तर नंबर बाद, पुन्हा शेवटी. साहेबांनी फ्लॉपीची नक्कल ठेवून घेतली. पुण्याच्या एका मित्रानंही घेतली, त्यातला रांगेचा भाग वेगळा काढला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकू या म्हणाला. मी टाक म्हणालो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची. त्या महिन्यात मी स्वतःला नुसता शहाणा समजत होतो.

पुढचं मला आबांनी सांगितलं, तेही तुटक तुटक, बरेच दिवस लावून.

एका सकाळी पाथर्डीकडच्या टोळीतली एक गाडी आली. नवरा, बायको, आणि बायकोच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची मुलगी. चिठ्ठी देताना आबांनी बघितलं, पोरीचे डोळे खोल गेलेले. रात्रीपासून जुलाब आणि उलट्या चालू होत्या. कारखान्याच्या वसाहतीत दवाखाना होता, दुपारी बारापर्यंत.

"दवाखान्यात ने आदी," आबा म्हणाले.

"जाते की नाना. मालक बैलं घिऊन पान्यावर गेलं का गाडीपाशी कोन? नंबर बाद हुतो म्हन्त्यात. मालक आलं का जाते."

आबांनी चिठ्ठीवर पेन्सिलीनं टिंब काढलं आणि तिच्या हातात दिली. सवयीनं काढलं. पूर्वी टिंब बघून तेच ती गाडी आधी पुकारायचे. आता ती चिठ्ठी काट्यापाशी बसणारा माणूस वाचणार होता, आणि तो फक्त आकडा वाचत होता.

मग त्यांनी साहेबांकडे निरोप धाडला. उत्तर आलं, एकाला सोडलं की उद्या पुन्हा अर्ज येतील, आणि टेकरच्या पोरानंच तर सरळ रांगेचं दाखवलंय. आबांना खिडकी सोडता येईना, बाहेर गाड्या लागलेल्या. बैलांना पाणी पाजून नवरा परत यायला वेळ लागला, कारण हौदावरही रांग होती. तो आला तेव्हा बारा वाजून गेले होते.

दुपारी दोनला बदली माणूस आल्यावर आबा तळावर गेले. बाई गाडीच्या सावलीत बसली होती, मांडीवर पदर झाकलेला.

"झोपली जरा, नाना," ती म्हणाली. "लई रडली, आता झोपली."

आबांनी पदर बाजूला केला नाही. त्यांना कळलं होतं. ते तिथंच खाली बसले. थोड्या वेळानं भोंग्यावर नंबर पुकारला. नवऱ्यानं बैल जुंपले, कारण नंबर लागला होता. गाडी काट्यावर गेली, वजन झालं, गव्हाणीत ऊस पडला. बाई गाडीच्या मागून चालत होती, पोर खांद्यावर. गव्हाणीपाशी नवऱ्यानं हात लावून बघितलं आणि तो तिथंच ओरडला. मागची गाडी खोळंबली म्हणून कोणीतरी त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

मी शनिवारी घरी पोचलो तेव्हा आबांनी जुन्या वह्या काढून ठेवल्या होत्या. मला समोर बसवलं आणि एकेका टिंबावर पेन्सिल टेकवली.

"ही बाई दिवस भरल्याली. ह्याचा बैल लंगडत हुता. हिच्या अंगावरचं पोर, तापानं फनफनल्यालं. हा म्हातारा, उन्हात बसवंना. हिला सकाळीच सांगावा आल्ता, माय गेली म्हून." तीन हंगामांतली टिंबं, आणि त्यांना एकूणएक आठवत होती.

"मला सांगितलं का नाही, आबा?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, आणि तो स्वतःवरचा राग मी त्यांच्यावर काढत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

"तू म्हन्लास टिंबाला किंमत नस्ती," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या हंगामानंतर आबा कारखान्यात गेले नाहीत. बोलावणं आलं होतं. कोणी त्यांना दोष दिला नव्हता, कोणी मलाही दिला नव्हता. तळाचं काम सुरळीत चाललं होतं आणि अर्ज येणं बंद झालं होतं.

उन्हाळ्यात ते पहिल्यांदा केडगावला माझ्या खोलीवर आले. न सांगता, एसटीनं. पाणी प्यायले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसले.

"त्या दिसाच्या गाड्या घाल ह्यात," म्हणाले. त्यांनी फाटकावर ठेवलेली त्या दिवसाची नोंद खिशात आणली होती, चार घड्या घातलेली. काट्यावरच्या वेळाही कोणाकडून तरी उतरवून आणल्या होत्या.

मी घातल्या. एक एक गाडी, एक एक वेळ. शंभराच्या वर होत्या. ते शेजारी बसून राहिले. सगळं झाल्यावर मी बटण दाबलं. पिवळे चौकोन आले.

"ती कंची?"

मी नंबर बघून दाखवली. पिवळा चौकोन डावीकडे उमटला. मग एकदम काट्यापाशी निळा झाला. मग नाहीसा झाला.

"पुन्यांदा."

मी पुन्हा चालवलं. पिवळा, निळा, नाहीसा.

"मधी थांबव," आबा म्हणाले. "आली तवा न्हाई, काट्यावर गेली तवा न्हाई. दोन्हीच्या मधी."

"मधे थांबत नाही, आबा. मधलं ह्याच्यात नसतंच."

त्यांच्या कानाला पेन्सिल होती, बऱ्याच दिवसांनी. ती त्यांनी काढली आणि पडद्यावर दोन जागांच्या मधे, काचेवर, हळूच टेकवली.

"पोर हितं गेली," ते म्हणाले.

काचेवर शिशाचं बारीक टिंब उमटलं होतं. मी ते पुसलं नाही. आबा गावी गेल्यावर मी प्रोग्रॅम उघडला, इंटरनेटवरचाही, आणि प्रत्येक गाडीला एक रकाना जोडला. तो वाचून पुढे काय करायचं, हे मात्र मला अजून लिहिता आलेलं नाही.